क्लास ०.५ चे मीटर आणि न जुळणारी बेरीज: एका मुख्य पॅनेलचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या कारखान्यातलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, तांत्रिक बाजू मात्र जशी घडली तशी ठेवली आहे. तपासणीत मी बाहेरचा सल्लागार होतो. मुळात बोलावणं आलं ते मीटरच्या अचूकतेसाठी. सर्वात महत्त्वाचा निर्णय मात्र सुरक्षिततेचा निघाला, आणि त्या दोन्हींची मुळं एकाच जागी, मीटरच्या मागच्या तारांत, सापडली.

पार्श्वभूमी

कारखान्याला १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. लघुदाबाची बाजू ४०० व्होल्टची, म्हणजे पूर्ण लोडला करंट साधारण १४४३ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरमधून मुख्य पॅनेलच्या इनकमरला, म्हणजे पुरवठा आत घेणाऱ्या मुख्य ब्रेकरच्या भागाला, पुरवठा येतो आणि तिथून सात फीडर, म्हणजे विभागांना वीज नेणाऱ्या शाखा, निघतात. जुन्या पॅनेलवर प्रत्येक फीडरला काट्याचा अँमिटर होता, क्लास १.५ चा (क्लास म्हणजे चालणाऱ्या चुकीची टक्केवारी). युनिटं मोजणारा मीटर फक्त इनकमरवर होता.

व्यवस्थापनाला प्रत्येक विभागाचा वीजवापर वेगळा हवा होता. म्हणून पॅनेलच्या दारावरचे जुने अँमिटर काढून ९६ बाय ९६ मिमीचे डिजिटल मल्टिफंक्शन मीटर बसवले. सगळे क्लास ०.५ चे, म्हणजे पॉवर आणि ऊर्जेच्या मोजमापाला आयईसी ६१५५७-१२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ०.५ हा वर्ग असलेले. सर्वात मोठ्या दोन फीडरचे मीटर पॅनेलवर न लावता २० मीटर दूर कंट्रोल रूमच्या डेस्कवर नेले, कारण ऑपरेटरला आकडे समोर हवे होते. मोठा करंट ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देणारे करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, जुनेच ठेवले. इनकमरचा मीटर मात्र वेगळ्या मॉडेलचा होता. कम्युनिकेशन पोर्ट असलेला ठरलेला मीटर वेळेवर मिळाला नाही, म्हणून घाईत दुसरा घेतला गेला.

अडचण

पहिल्या महिन्यातच सात फीडरच्या युनिटांची बेरीज इनकमरपेक्षा कमी भरली. दुसऱ्या महिन्यातही तेच. तफावत चार ते पाच टक्क्यांच्या दरम्यान राहिली. बसबारमधला (पॅनेलमधल्या जाड वाहक पट्ट्यांमधला) नुकसानीचा भाग इतका मोठा असू शकत नाही. लेखा विभागाने विचारलं की ही वीज कोणाच्या खात्यावर टाकायची, आणि विभागप्रमुख एकमेकांकडे बोट दाखवू लागले.

पहिल्या बैठकीत देखभाल प्रमुखांचं म्हणणं स्पष्ट होतं: "साहेब, मीटर नवे आहेत, क्लास ०.५ लिहिलंय. मग पाच टक्के चूक आली कुठून? जुन्या मीटरांनी कधी असा त्रास दिला नव्हता."

जुन्या मीटरांनी त्रास दिला नाही, कारण त्यांची बेरीज कोणी कधी केलीच नव्हती. काट्याच्या मीटरांसाठी आयईसी ६००५१ लागू होतं. त्यातला क्लासचा आकडा बहुतेक वेळा पूर्ण स्केलच्या टक्क्यात असतो. ० ते ८०० अँपिअरच्या अँमिटरवर क्लास १.५ म्हणजे स्केलवर कुठेही अधिक-उणे १२ अँपिअर. काटा ७० अँपिअरवर असेल तर त्या रीडिंगमध्ये १७ टक्क्यांपर्यंत चूक असूनही मीटर मानकाच्या आतच असतो. जुन्या काळी हिशेब जुळत होता ही समजूतच चुकीची होती, आणि ती दूर झाल्याशिवाय पुढची चर्चा सरळ होणार नव्हती. म्हणून पहिली बैठक जवळजवळ सगळी यावरच खर्च केली. तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही.

समोर असलेले पर्याय

टेबलावर चार पर्याय होते. एक, सगळे मीटर काढून ०.२ वर्गाचे घ्यायचे. दोन, आहेत ते मीटर कॅलिब्रेशनला पाठवायचे. तीन, तफावत सगळ्या विभागांत वापराच्या प्रमाणात वाटून मोकळं व्हायचं. चार, सीटीपासून मीटरच्या डिस्प्लेपर्यंतची पूर्ण साखळी तपासायची.

पहिल्याकडे व्यवस्थापनाचा कल होता, कारण तो खरेदीचा निर्णय होता आणि लवकर होणारा होता. तिसरा लेखा विभागाला सोयीचा. त्याला मी ठाम विरोध केला. चूक एका फीडरमध्ये असेल तर बाकी सहा विभाग दर महिन्याला तिचा भार उचलणार, आणि ती शोधायची निकडही संपणार.

दुसऱ्या पर्यायाचा एक छोटा भाग लगेच केला. दोन मीटर काढून प्रयोगशाळेत त्यांना ठरावीक व्होल्टेज आणि करंट देऊन पाहिलं. दोन्ही ०.५ टक्क्याच्या आत निघाले. पहिला पर्याय इथेच बाद झाला. मीटर बरोबर मोजत होते. त्यांच्यापर्यंत पोहोचणारा करंट मात्र फीडरमधल्या करंटचं खरं प्रतिबिंब असेलच, याची खात्री नव्हती.

मीटर काढताना एक गोष्ट नजरेत आली. फीडरच्या सीटीला साधे टर्मिनल होते, शॉर्टिंग लिंक (सीटीची मीटरकडची टोकं आपसात जोडणारी पट्टी) नव्हती. सीटीच्या प्राथमिक बाजूला करंट वाहत असताना दुय्यम, म्हणजे मीटरकडची, बाजू उघडी पडली तर तिथे हजारो व्होल्ट निर्माण होऊ शकतात. मीटर काढण्याआधी एस१ आणि एस२ ही दुय्यम बाजूची दोन टोकं जोडून घेणं ही नेहमीची शिस्त, पण इथे ती तारेच्या तुकड्यावर आणि माणसाच्या आठवणीवर अवलंबून होती. म्हणून दोन्ही फीडर बंद करूनच मीटर काढले.

पहिला मोठा निर्णय: दार उघडून मोजायचं की नाही

साखळी तपासायची तर इनकमर हा संदर्भ. त्यामुळे तिथूनच सुरुवात करायचं ठरलं. प्रमाणित पोर्टेबल पॉवर अ‍ॅनलायझर आणला होता. इलेक्ट्रिशियन अनुभवी होते. इनकमरचं दार उघडून मीटरच्या मागच्या टर्मिनलला अ‍ॅनलायझरच्या क्लिपा लावायची त्यांची तयारी होती. "दहा मिनिटांचं काम आहे, ब्रेकर बंद करून लावतो आणि परत चालू करतो," असं ते म्हणाले.

त्याआधी पॅनेलचं ड्रॉइंग पाहायचा आग्रह मी धरला. त्यात दिसलं की इनकमर मीटरच्या व्होल्टेजच्या तारा ब्रेकरच्या ट्रान्सफॉर्मरकडच्या बाजूने काढल्या होत्या. ब्रेकर बंद असतानाही पुरवठा आहे का हे दिसावं, हा त्यामागचा हेतू. हेतू रास्त आहे, अनेक पॅनेलमध्ये तसं केलेलं असतं. पण त्याचा अर्थ असा की लघुदाबाचा ब्रेकर बंद केला तरी मीटरच्या मागे पूर्ण ४०० व्होल्ट जिवंत राहतात, आणि त्या तारांच्या मागे संरक्षण म्हणून फक्त ट्रान्सफॉर्मरच्या उच्चदाब बाजूचा ब्रेकर उरतो.

मग फ्यूज कोणते, हा प्रश्न आला. दाराच्या काचेतून दिसत होतं त्यावरून ते ५ बाय २० मिमीचे काचेचे फ्यूज होते, आणि ते दारावर, मीटरच्या शेजारी बसवलेले. बसबारपासून तिथपर्यंतची सुमारे दीड मीटर बारीक तार फ्यूजशिवायची होती.

आकडे मांडले तेव्हा खोली शांत झाली. १००० केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स ५ टक्के धरला तर त्याच्या टर्मिनलवर शॉर्टसर्किट करंट सुमारे २९ किलोअँपिअर येतो. कमी तोडक्षमतेच्या काचेच्या फ्यूजला आयईसी ६०१२७ फक्त ३५ अँपिअर किंवा फ्यूजच्या रेटिंगच्या दहापट, यातलं जे जास्त असेल तेवढं तोडण्याची अपेक्षा ठेवतं. दोन अँपिअरच्या फ्यूजसाठी ते ३५ अँपिअर झालं. शॉर्ट झाल्यावर असा फ्यूज करंट तोडत नाही, फुटतो, आणि आर्क पुढे चालू राहतो. क्लिप घसरली असती तर इलेक्ट्रिशियनचा चेहरा तिथून हातभर अंतरावर असता.

इनकमर मीटरच्या मागची नेमप्लेटही ड्रॉइंगसोबतच्या फोटोत वाचता आली: "३०० व्होल्ट, कॅट २". मोजमापाच्या या श्रेणी आयईसी ६१०१०-२-०३० मध्ये सांगितल्या आहेत. कॅट २ ही सॉकेटमधून चालणाऱ्या उपकरणांवरच्या मोजमापासाठी आहे. वितरण पॅनेलला कॅट ३ लागते, आणि पुरवठ्याच्या उगमाशी, मुख्य ब्रेकरच्या आधी, कॅट ४. श्रेणी बदलली तरी रोजचं व्होल्टेज तेच असतं. फरक असतो तो वीज कोसळल्यावर किंवा स्विचिंगच्या वेळी येणारा क्षणिक उच्च व्होल्टेज सोसण्याचा. ३०० व्होल्टच्या रेटिंगला कॅट २ मध्ये हा आकडा २५०० व्होल्ट, कॅट ३ मध्ये ४००० आणि कॅट ४ मध्ये ६००० आहे. फीडरवरचे मीटर कॅट ३ चे होते, ते ठीक. घाईत घेतलेला इनकमरचा मीटर नेमका सर्वात कठीण जागी सर्वात कमकुवत होता. खरेदीच्या कागदावर त्याची अट एवढीच होती: क्लास ०.५, कम्युनिकेशनसह.

आता तीन मार्ग होते. वार्षिक शटडाऊन दोन महिन्यांवर होता, तोवर थांबायचं. किंवा चालू पुरवठ्यावर, हातमोजे वगैरे घालून, बसबारजवळ योग्य फ्यूज बसवायचे. किंवा येत्या साप्ताहिक सुट्टीला उच्चदाबाचा ब्रेकर उघडून सगळा कारखाना बंद करायचा. तिसरा मार्ग महाग होता. शीतगृहासारखा एक विभाग सुट्टीच्या दिवशीही चालतो, त्याला जनरेटरवर घ्यावं लागणार होतं.

दुसरा मार्ग मी नाकारला, आणि देखभाल प्रमुखांनीही. ज्या धोक्यासाठी काम करायचं तोच धोका हातात घेऊन ते करण्यात अर्थ नव्हता. पहिल्यावर बराच वाद झाला. "इतके महिने चाललंय, आणखी दोन महिन्यांनी काय होणार?" हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला गेला होता. त्यावर इलेक्ट्रिशियनच म्हणाले, "साहेब, मघाशी मीच क्लिपा लावणार होतो." निर्णय झाला तो या वाक्यामुळे, असं मला वाटतं.

ठरलं ते असं: सुट्टीच्या दिवशी उच्चदाबापासून शटडाऊन. तोपर्यंत इनकमरच्या दाराला कुलूप आणि किल्ली फक्त वर्क परमिट देणाऱ्याकडे. इनकमरवरची अचूकतेची तपासणी तोवर स्थगित.

शटडाऊनमध्ये काय सापडलं

उच्चदाबाचा ब्रेकर उघडून, कुलूप लावून, व्होल्टेज नसल्याची खात्री करून आणि अर्थिंग जोडूनच दार उघडलं. काचेच्या फ्यूजपैकी एकाचं होल्डर तपकिरी पडलं होतं. त्याहून वाईट म्हणजे एक तार पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेटशिवाय गेली होती आणि तिचं इन्सुलेशन कडेला घासून अर्धं उरलं होतं. दार उघडझाप होताना ती तार दर वेळी थोडी सरकत होती. दाराला अर्थिंगची पट्टीही नव्हती.

बसबारच्या टॅपिंगजवळच १० बाय ३८ मिमीचे एचआरसी, म्हणजे उच्च तोडक्षमतेचे, फ्यूज बसवले. त्यांच्यावर तोडक्षमता १०० किलोअँपिअर छापलेली होती. बसबार ते फ्यूज एवढी तार हातभरापेक्षा कमी ठेवली आणि ती दुहेरी इन्सुलेशनची घेतली. इनकमरला कॅट ३ साठी ६०० व्होल्ट आणि कॅट ४ साठी ३०० व्होल्ट असं रेटिंग असलेला मीटर लावला. सर्व सीटींना शॉर्टिंग लिंक असलेले टेस्ट टर्मिनल ब्लॉक आले. दोन फीडरच्या सीटींच्या दुय्यम बाजूला अर्थिंग नव्हतं, ते एका टोकाला जोडलं. दाराला लवचिक अर्थिंग पट्टी लावली.

अचूकतेचा शोध

आता फीडर एकेक करून घेतले.

सर्वात मोठ्या दोन फीडरची गोष्ट तारांची निघाली. सीटी ५ अँपिअर दुय्यमचे, क्लास १, बर्डन (सीटीला पेलता येणारा तारा आणि मीटरचा भार) ५ व्हीए. कंट्रोल रूमपर्यंत प्रत्येक सीटीच्या दोन स्वतंत्र तारा, १.५ चौ. मिमीच्या, २० मीटर जाणाऱ्या आणि २० मीटर येणाऱ्या. चाळीस मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.४७ ओहम. पाच अँपिअरला त्यात जवळजवळ १२ व्हीए खर्च होतात, म्हणजे सीटीच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त, आणि यात मीटर अजून धरलेलाच नाही. एवढा भार पडल्यावर सीटी कमी करंट देतो, मीटर तो कमी करंट इमानाने मोजतो. पोर्टेबल अ‍ॅनलायझरशी तुलना केल्यावर दोन्ही फीडर सुमारे पाच टक्के कमी दाखवत होते.

उपाय तीन. चार चौ. मिमी तार घेतली तर तारांतला खर्च ४.४ व्हीएवर येतो, पण मग मीटर आणि जोडांसाठी काहीच उरत नाही. एक अँपिअर दुय्यमचे सीटी घेतले तर त्याच जुन्या तारांत अर्ध्या व्हीएपेक्षा कमी खर्च होतो, पण सीटी बदलायला बसबार सोडावे लागणार. तिसरा उपाय, मीटर परत पॅनेलवर आणायचे आणि आकडे आरएस-४८५ केबलने डेस्कवर न्यायचे. हाच स्वीकारला. यातही एक खाच होती. मापन सीटीचा वर्ग साधारणपणे रेटेड बर्डनच्या २५ ते १०० टक्क्यांत हमी दिलेला असतो, आणि आता बर्डन २५ टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. म्हणून बदलानंतर पुन्हा तुलना केली. चूक एका टक्क्याच्या आत आली, तेव्हाच तो मुद्दा सोडला.

आणि इथे दुसरा निर्णयाचा क्षण आला. या दोन फीडरनंतर एकूण तफावत दीड टक्क्यावर उतरली. क्लास १ सीटी आणि क्लास ०.५ मीटर यांच्या साखळीला ही तफावत शोभणारी होती. व्यवस्थापनाचं म्हणणं, झालं काम. माझं म्हणणं, बेरीज जुळणं हा प्रत्येक फीडर बरोबर असल्याचा पुरावा होत नाही. एक जास्त आणि एक कमी मोजत असेल तरी बेरीज जुळते, आणि बिल विभागाविभागांना जाणार होतं. थोड्या नाराजीनेच उरलेल्या फीडरची परवानगी मिळाली.

पुढचा फीडर यंत्रशाळेचा. भविष्यातल्या विस्तारासाठी तिथे ८००/५ चा (फीडरमध्ये ८०० अँपिअर असताना मीटरला ५ देणारा) सीटी बसवलेला, आणि प्रत्यक्ष करंट ६० ते ८० अँपिअर. मोटारी अर्ध्या रिकाम्या फिरणाऱ्या, पॉवर फॅक्टर (करंटचा किती भाग प्रत्यक्ष कामाला येतो त्याचं प्रमाण) ०.५ च्या आसपास. क्लास १ सीटीला पूर्ण करंटला एक टक्का चूक चालते, पण २० टक्के करंटला दीड आणि ५ टक्के करंटला तीन टक्के चालते. फेजच्या कोनाची चूक ५ टक्के करंटला १८० मिनिटं, म्हणजे ३ अंशांपर्यंत चालते. पॉवर फॅक्टर एक असेल तर तीन अंशांनी काही बिघडत नाही. ०.५ असेल तर तेवढ्याच कोनाने पॉवरच्या रीडिंगमध्ये सुमारे ९ टक्के चूक येते. हा फीडर जास्त दाखवत होता. इथे १००/५ चा ०.५एस वर्गाचा सीटी घेतला. 'एस' वर्गाचा फायदा नेमका कमी करंटला दिसतो, कारण त्याची हमी १ टक्का करंटपासून सुरू होते.

तो बदलल्यावर एकूण तफावत कमी होण्याऐवजी किंचित वाढली. बैठकीत यावर खूप अस्वस्थता पसरली. मला मात्र यातूनच शोध चालू ठेवण्याचं कारण मिळालं. जास्त मोजणारा फीडर सुधारला, म्हणजे कमी मोजणारा अजून कुठेतरी लपलेला आहे.

तो सहाव्या फीडरवर सापडला. सीटी २५०/५ चा होता आणि मीटरमध्ये गुणोत्तर २००/५ भरलेलं होतं. सीटी कधीतरी पूर्वी बदलला गेला, ड्रॉइंगवर जुना आकडा राहिला आणि मीटर बसवणाऱ्याने ड्रॉइंग पाहून तो भरला. फीडर पहिल्या दिवसापासून २० टक्के कमी मोजत होता. दुरुस्ती दोन बटणांची होती.

परिणाम

त्यानंतरच्या महिन्यात बेरीज आणि इनकमर यांच्यातली तफावत अर्ध्या टक्क्याच्या आत राहिली. एकही फीडर मीटर बदलावा लागला नाही. सहाव्या फीडरच्या विभागाचा वापर अचानक २५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्या विभागप्रमुखांना आधीच सगळं समजावून सांगितल्याने तो वाद टळला. मागच्या महिन्यांचे आकडे दुरुस्त करायचे की नाही, यावर लेखा विभागाने फक्त या एका फीडरचे आकडे सुधारले. तिथली चूक ठरावीक गुणोत्तराची, म्हणून नेमकी काढता येते. बर्डनची आणि कोनाची चूक लोडप्रमाणे बदलते, मागे जाऊन ती प्रामाणिकपणे मोजता येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदीच्या वेळी "क्लास ०.५" या दोन शब्दांच्या जागी निदान एवढं लिहायला हवं होतं: वर्ग कोणत्या मानकाप्रमाणे, मोजमापाची श्रेणी कोणती, कोणत्या व्होल्टेजला, आणि मीटर कोणत्या सीटीबरोबर चालणार. सुरक्षिततेची अट कागदावर असती तर घाईतली निवडही त्या चौकटीत झाली असती.

मीटर कंट्रोल रूमला नेण्याचा निर्णय घेताना कोणीतरी तारांचा रोध काढायला हवा होता. पाच मिनिटांचं गणित आहे. नवीन मीटर चालू करताना प्रत्येक फीडरचा क्लॅम्प मीटरने मोजलेला करंट डिस्प्लेशी ताडून पाहिला असता तर सहाव्या फीडरची चूक त्याच दिवशी हाती आली असती. तेव्हा फीडर चालू होतेच, पण सगळ्यांचं लक्ष डिस्प्ले लागला का याकडे होतं.

शटडाऊनच्या निर्णयाबद्दल माझं मत आजही तेच आहे, फक्त एक भर घालेन. तपासणीची सुरुवात इनकमरच्या मोजमापाने करायचं ठरवण्याआधी ड्रॉइंग आणि नेमप्लेट पाहायला हव्या होत्या. आमच्याकडे ते योग्य वेळी झालं, पण कामाच्या क्रमात तशी पायरी लिहिलेली नव्हती. ती आता वर्क परमिटच्या फॉर्ममध्ये आहे: टॅपिंग ब्रेकरच्या कोणत्या बाजूला, फ्यूजची तोडक्षमता किती, आणि सीटी कुठे शॉर्ट करायचे.

एक काम अजून बाकी आहे. सगळे फीडर इनकमरशी ताडले, पण इनकमरचा १६००/५ चा सीटी स्वतः जागेवर तपासलेला नाही. त्याचं ०.५ वर्गाचं प्रमाणपत्र आहे, बर्डनही मर्यादेत आहे. तरी तो जितका चुकत असेल तितकी चूक फीडरच्या बेरजेशी जुळण्याच्या आड लपू शकते. वार्षिक शटडाऊनमध्ये त्याची गुणोत्तर चाचणी ठेवली आहे.